डिप्रेशन आलंय, पण कशामुळे? कारणं शोधायची कशी

घरात कुणाला डिप्रेशन आलं की सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, "पण याला कमी काय आहे?" नोकरी आहे, घर आहे, बायकापोरं आहेत, मग हे आलं कुठून. याउलट काहींना कारण लगेच सापडतं, नापास झाला ना म्हणून, ब्रेकअप झालं ना म्हणून, नवरा पितो ना म्हणून, आणि एकदा ते सापडलं की पुढे कुणी काही बघतच नाही. मला या दोन्हींचा खूप त्रास होतो कारण दोन्हीत नुकसान त्या आजारी माणसाचंच होतं. पहिल्यात त्याला वाटतं माझ्यातच काहीतरी खोट आहे, आणि दुसऱ्यात ते एक कारण हलवता आलं नाही की सगळे हात टेकतात.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरात हा आजार होता, आणि त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी जणांबरोबर ओपीडीच्या बाकावर बसलेय. तिथे एक गोष्ट पक्की समजली, डिप्रेशनला एकच एक कारण जवळपास कधीच नसतं, त्यामुळे "कारण काय" असं विचारून उत्तर मिळत नाही. त्याऐवजी एक कागद घ्या आणि तीन प्रश्न लिहा. आधीपासून काय होतं? आत्ताच का झालं? आणि अजून जात का नाहीये? मानसोपचारवाले लोकही साधारण याच तीन खणांत विचार करतात. आणि सांगून ठेवते, तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण पहिल्या दोघांतलं बरंचसं होऊन गेलेलं असतं आणि तिसऱ्यातलं आज बदलता येतं.

आधी हे डिप्रेशनच आहे ना ते बघा

दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ, मन उदास असतं किंवा पूर्वी जे आवडायचं त्यात काहीच रस राहत नाही, या दोघांतलं एक तरी हवंच. त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक जाणं किंवा खूप वाढणं, सतत थकवा, लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आपण नालायक आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. सगळी मिळून पाच किंवा जास्त लक्षणं असतील आणि रोजची कामं अडत असतील तर डॉक्टर डिप्रेशन म्हणतात.

पण आपल्याकडे "मी उदास आहे" असं म्हणत कोण येतं? डोकं जड झालंय, अंग गळून गेलंय, जीव घाबरतो, हातापायात मुंग्या येतात, पोटात गॅस धरतो, असंच सांगतात. मग सहा-सहा महिने पोटाच्या आणि डोक्याच्या तपासण्या चालतात, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात नाटकं आहेत. पुरुषांमध्ये तर बऱ्याचदा उदासी दिसतच नाही, चिडचिड दिसते, दारू वाढलेली दिसते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांमध्येही चिडकेपणाच जास्त. म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा इतका वाढतो की घरच्यांना डिमेन्शियाच वाटतो.

आणखी एक विचारायचंच. पूर्वी कधी याच्या अगदी उलट काळ येऊन गेलाय का, म्हणजे चार-पाच दिवस किंवा जास्त सलग झोप जवळपास नाही तरी थकवा नाही, बडबड, भरमसाठ खर्च, मोठमोठे प्लॅन? असेल तर डॉक्टरांना सांगाच, कारण ते बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटूनपालटून येणारा आजार, असू शकतं आणि त्याची औषधं वेगळी असतात, नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी बिघडूही शकतं.

मनाच्या आधी शरीर तपासा

इथे लोक फार घाई करतात आणि थेट "टेन्शन घेतो म्हणून" वर येतात. थायरॉइड कमी पडलं तर मंदपणा, झोप, वजन वाढणं, उदासी असं हुबेहूब डिप्रेशनसारखं चित्र दिसतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर थकवा येतोच. बी-१२ कमी असेल तर मुंग्या, थकवा, विसरणं, उदासपण. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये बी-१२ ची कमतरता खूप दिसते, आणि त्यात डायबेटिससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घ्यायची सवय असेल तर ते आणखी खाली जातं, हे दोन्ही घेणारे आपल्या ओळखीत किती आहेत बघा. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर एवढ्या तपासण्या करायच्या का हे फॅमिली डॉक्टरांना विचारा, सरकारी दवाखान्यातही यातल्या बऱ्याच होतात.

मोठे आजार तर वेगळेच. डायबेटिस असलेल्यांना डिप्रेशन व्हायची शक्यता इतरांपेक्षा साधारण दुप्पट असते. अर्धांगवायूचा झटका आलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना पुढे डिप्रेशन येतं, आणि ते फक्त "हात चालत नाही म्हणून वाईट वाटतं" एवढंच नसतं, मेंदूला झालेल्या इजेचाही त्यात भाग असू शकतो. हार्ट अटॅक, पार्किन्सन, कॅन्सर, वर्षानुवर्षांची सांधेदुखी, हेही यात आलं. घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकत असेल तर त्याला रात्रभर झोपूनही झोप मिळत नाही आणि दिवसभर तो मलूल असतो, हे तर बायकोलाच विचारावं लागतं कारण त्याला स्वतःला पत्ताच नसतो.

मग औषधांची यादी करा, सगळी, कपाटातली, पर्समधली, मेडिकलवाल्यानं हातावर ठेवलेली. स्टेरॉइडनं मूड वरखाली होतो हे नक्की माहीत आहे, आणि सांधेदुखीवर ज्या बिनलेबलच्या पुड्या विकल्या जातात त्यातल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून पुडीसुद्धा डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या नि ॲलर्जीच्या माँटेलुकास्टवर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२० मध्ये मानसिक दुष्परिणामांचा सगळ्यात कडक इशारा टाकला. फिट्सच्या काही गोळ्या, काही हार्मोनच्या गोळ्या, यांच्यामुळेही काही जणांचा मूड पडतो. पण कृपा करून कुठलंही औषध स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्टेरॉइड तर एकदम बंद केलं की जिवावर बेतू शकतं. तारीख लिहा, औषध कधी सुरू झालं आणि उदासी कधी, आणि ते डॉक्टरांपुढे ठेवा.

दारूचं वेगळं लिहिते. "टेन्शन आहे म्हणून पितो" हे खरंही असतं, पण दारू स्वतःच मूड खाली ओढते, झोप तोडते. आधी दारू की आधी डिप्रेशन हे कळायचा एक मार्ग आहे, दारूमुळे आलेली उदासी बहुतेकदा पूर्ण बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते, आणि तरी उरली तर तिचा वेगळा इलाज लागतो. फक्त रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, त्यासाठी डॉक्टर लागतोच.

पहिला प्रश्न: आधीपासून काय होतं

इथे फार रेंगाळू नका. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला डिप्रेशन असेल तर धोका साधारण दोन ते तीन पट होतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून या आजारात अनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४० टक्के धरतात, पण एकच असं कुठलं जीन नाही, शेकडो असतात आणि प्रत्येकाचा वाटा इवलासा. म्हणजे काकाला होतं म्हणून पुतण्याला होणारच असं नाही, आणि घरात कुणालाच नव्हतं म्हणून होणार नाही असंही नाही. लग्न मोडेल या भीतीनं घरातला असा इतिहास दाबून ठेवतात, निदान डॉक्टरपुढे तरी दाबू नका.

लहानपण मात्र नीट बघा. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईबाप लवकर जाणं, घरात रोजची भांडणं, सतत घालूनपाडून बोलणं. १९९८ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की लहानपणी अशा गोष्टी जितक्या जास्त प्रकारच्या, तितका मोठेपणी डिप्रेशनचा आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका जास्त. हे खणायला स्वतः बसू नका, विशेषतः समोरचा माणूस आत्ता खचलेला असेल तर, फक्त असं काही असू शकतं एवढं मनात ठेवा आणि तो सांगायला लागला तर मधे बोलू नका.

आणि ते "मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय" हे वाक्य. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतलं एक रसायन. पण अर्धवट आहे ते वाक्य. २०२२ मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा सेरोटोनिन कमी असल्यामुळे डिप्रेशन होतं याला ठोस पुरावा मिळाला नाही. पण म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या खोट्या असा उलटा अर्थ व्हॉट्सॲपवर फिरला तो चुकीचा, मध्यम आणि तीव्र डिप्रेशनमध्ये गोळ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात, फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे आलेला नसतो ना, तसंच आहे हे.

दुसरा प्रश्न: आत्ताच का

मागचं एक वर्ष महिन्यामहिन्यानं लिहून काढा. मृत्यू, घटस्फोट, नोकरी, बदली, ऑपरेशन, कर्ज, परीक्षा, कोर्टकज्जा. दिवाळीच्या आधी की नंतर, पेरणीच्या वेळी की कापणीच्या, असं विचारलं की घरातल्या मोठ्यांना पटापट आठवतं.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी १९७० च्या दशकात कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास केला होता. डिप्रेशन यायच्या आधी बहुतेकींच्या आयुष्यात काहीतरी मोठा आघात झालेला होता, पण तसाच आघात झालेल्या सगळ्याच बायका आजारी पडल्या नाहीत. जिला मन मोकळं करायला जवळचं माणूस नव्हतं, जिच्या अंगावर लहान-लहान पोरं होती, हाताला काम नव्हतं, लहानपणी आई गेलेली होती, तिला धोका जास्त. ब्राऊन यांच्या गटानं पुढे आणखी एक दाखवलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, नुसतं काहीतरी गमावण्यापेक्षा ज्यात अपमान होतो किंवा ज्यातून सुटायला वाटच दिसत नाही असे प्रसंग माणसाला जास्त पाडतात.

आता हे आपल्याकडे लावून बघा. कर्ज लाखाचं आहे की पाच लाखांचं यापेक्षा वसुलीवाला चारचौघांत दारात येऊन काय बोलला, गावातल्या लग्नाला जायची लाज वाटायला लागली का, जमीन गहाण पडली का, हे विचारा. पुण्यात पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससी करणारी पोरं बघा, एक अटेम्प्ट गेला याचं दुःख वेगळं, पण वय चाललंय, गावाकडे परत जाऊन तोंड काय दाखवायचं आणि दुसरं काही करताही येत नाही, ही कोंडी खरी मारते. म्हणून कागदावर घटनेशेजारी एवढंच लिहा की यात अपमान झाला का, आणि यातून बाहेर पडायला वाट दिसते का. वाट दिसत नसेल तर बँकेशी बोलून हप्ते बदलून घेणं, वकिलाचा सल्ला, बदलीचा अर्ज ही कामंसुद्धा उपचाराचाच भाग आहेत असं माझं ठाम मत आहे, गोळी घेऊन सावकार जात नाही.

बाळंतिणींबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बाळ झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढेही राहिलं तर ते डिप्रेशन असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात बाळंतिणींचा अभ्यास केला, २००२ मध्ये तो छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं. त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता, आणि निम्म्याहून जास्त जणी बाळ सहा महिन्यांचं झालं तरी बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत काय निघालं? गरिबी, नवऱ्याशी वाईट संबंध, आणि मुलगी होणं. नवऱ्याची मारहाण, घरात खायची मारामार, या गोष्टींचा परिणाम बाळ मुलगा की मुलगी यावर बदलत होता.

म्हणजे आपण "हार्मोन्स गं, होतं असं" म्हणतो तेव्हा अर्धं सत्य झाकतो. हार्मोन्स आहेतच, झोप मोडते तेही आहे, काहींचं बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं, रक्त कमी झालेलं असतं, ते सगळं तपासाच. पण ओल्या बाळंतिणीपुढे "पुढच्या वेळी मुलगा होईल हो" म्हणणारी आत्या, पेढ्यांऐवजी गप्प झालेलं सासर, माहेरी दीड महिना पूर्ण व्हायच्या आत आलेला "परत या"चा निरोप, ही कारणंच आहेत आणि ती घरातली माणसं बदलू शकतात, आजच. गरोदरपणातच तिला विचारा कशी आहेस, बाळाबद्दल नाही, तिच्याबद्दल. आणि बाळंतीण दिवसरात्र झोपतच नसेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, बाळाबद्दल विचित्र संशय घेत असेल तर ते डिप्रेशनच्या पुढचं आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका.

परदेशात असाल, कॅनडा, इंग्लंड, नॉर्वे अशा ठिकाणी, आणि दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन उन्हाळा आला की जात असेल तर ते हिवाळी डिप्रेशन असू शकतं, कमी उजेडाचं, त्यावर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा सकाळी वापरायला देतात. तिथल्या डॉक्टरला विचारा.

आणि कधीकधी वर्षभराचं सगळं लिहूनही काहीच सापडत नाही. तसंही होतं, विशेषतः आधी एक-दोन वेळा डिप्रेशन येऊन गेलं असेल तर पुढचं फारसं काही न घडताही येऊ शकतं. कारण सापडलं नाही म्हणून आजार खोटा ठरत नाही, उपचार थांबवायचे नाहीत.

तिसरा प्रश्न: जात का नाहीये

आघात होऊन वर्ष झालं, कर्ज फिटलं, दुसरी नोकरीही लागली, तरी माणूस तसाच. का? कारण डिप्रेशन स्वतःची सोय स्वतः करतं. मन लागत नाही म्हणून फिरायला जाणं बंद, मित्रांचे फोन उचलणं बंद, देवपूजा बंद, क्रिकेट बंद, मग दिवसात चांगलं वाटावं असं काही उरतच नाही म्हणून मन आणखी लागत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी अकराला उठणं. दिवसभर डोक्यात एकच रीळ, मी तेव्हा असं का केलं. त्यात घरच्यांचं बोलणं, "मनावर घेऊ नको", "आम्ही काय कमी भोगलं का", "जिम लाव". हे सगळं तिसऱ्या खणात लिहा, घरच्यांची वाक्यंसुद्धा, जशीच्या तशी.

इथे खरंच फरक पडतो याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगथ संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत एक कार्यक्रम करून बघितला, डॉक्टर नसलेल्या, साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन समुपदेशक केलं आणि तीव्र डिप्रेशन असलेल्यांना सहा ते आठ भेटी दिल्या. भर कशावर, तर सुटलेल्या गोष्टी थोड्या-थोड्या परत सुरू करणं आणि समोरचे प्रश्न सोडवणं. तीन महिन्यांनी या लोकांतले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही अशाच धर्तीवर काम झालं, तिथे सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांनीच कुठलीतरी मदत घेतली होती, दीड वर्षात ते प्रमाण पावच्या वर गेलं. मदत गावात आली की लोक घेतात, त्यांना गरज नसते असं नाही.

म्हणून तिसऱ्या खणातून एकच गोष्ट निवडा, सगळ्यात सोपी. "रोज फिरायला जा" नको, "संध्याकाळी मी येतो, आपण कोपऱ्यावर चहा घेऊन येऊ" असं. मन लागेल तेव्हा करू हा क्रम उलटा आहे, आधी करायचं, मन मागून येतं, आणि पहिले काही दिवस येणारही नाही हे आधीच सांगून ठेवा.

हे विचारायला घाबरू नका

"मरून जावंसं वाटतं का?" सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, कीटकनाशक, उंदराचं औषध, गोळ्यांचा साठा घरातून हलवा किंवा कुलपात टाका आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेलिमानस ही फोनवरची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आणि मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर १०८ किंवा थेट जवळचं मोठं हॉस्पिटल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, मानसिक आजारावरही शारीरिक आजारासारखाच इन्शुरन्स द्यायला हवा असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, आणि त्याच कायद्यामुळे आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता त्याच्यावर उपचार करणं अपेक्षित आहे, तेव्हा पोलीस केसच्या भीतीनं लपवू नका.

डॉक्टरकडे जाताना हा तीन खणांचा कागद, औषधांची यादी आणि रिपोर्ट सोबत न्या, आणि आजारी माणसाला विचारूनच दाखवा, त्याच्या आयुष्याची गोष्ट आहे ती. सरकारी ओपीडीत डॉक्टरला वेळ थोडा असतो, लिहिलेलं असलं की त्यातच बरंच काम होतं. कागदावर तारीख टाकून ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी परत काढा, काय हललं काय नाही ते बघायला. बरं वाटायला लागलं की मागच्या बाजूला आणखी एक ओळ लिहून घ्या, सुरुवातीला सगळ्यात आधी काय बिघडलं होतं, झोप की भूक की फोन न उचलणं, कारण एकदा डिप्रेशन आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा येतं, आणि पुढच्या वेळी ती पहिली खूण दिसली की लगेच डॉक्टरला फोन करता येतो.